चौघे मित्र, नऊ मैदानं : युरो २०२८ प्रत्यक्ष बघायला जायचं तर

९ जून २०२८, शुक्रवार : कार्डिफला युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची पहिली मॅच. ९ जुलै, रविवार : लंडनला वेम्बलीवर फायनल. मधल्या महिनाभरात २४ संघांच्या ५१ मॅचेस, त्याही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड अशा चार देशांतल्या आठ शहरांत, नऊ मैदानांवर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या किंवा गोव्यातल्या फातोर्ड्याच्या गॅलरीत घसा बसवून घेतलेल्या माणसाला ‘एवढ्या लांब कशाला, टीव्हीवर दिसतं की’ असं सांगून उपयोग नसतो. तो जाणारच. नीट आखून जातो की ऐनवेळी दुप्पट पैसे मोजून, एवढंच ठरायचं असतं.

पुढचं सगळं चौघा मित्रांचा गट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. नोकरी-धंद्यातून बारा-तेरा दिवस काढू शकणारे, पैसे मोजून खर्च करणारे आणि कुठल्या एका संघापेक्षा फुटबॉलवर जीव असलेले. व्हिसा, तिकीट, रेल्वे ही कामं किचकट आहेत, पण त्यांना नियम असतात. मित्रांना नियम नसतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

पहिलं काम : माणसं पक्की करा

व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो तेव्हा त्यात अकरा जण असतात. सहा महिन्यांनी सात उरतात, विमानाचं तिकीट काढायच्या दिवशी तीन. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण आखणी अकरांची केली असेल तर उरलेल्या तिघांचं नुकसान होतं.

चार हा आकडा सोयीचा आहे. युरो २०२४ ला एका अर्जदाराला एका मॅचची जास्तीत जास्त चार तिकिटं मागता येत होती. ब्रिटिश रेल्वेत मधे टेबल असलेल्या समोरासमोरच्या चार सीट असतात. दोन बेडरूमचा फ्लॅट चौघांत परवडतो. टॅक्सीही चौघांचीच. पाचवा आला की प्रत्येक ठिकाणी एक जण वेगळा बसतो आणि रोज ‘आज कोण?’ हा वाद होतो. सहा-आठ जण असाल तर सरळ दोन गट करा, दोन्ही गटांचा हिशेब वेगळा ठेवा आणि मैदानाबाहेर भेटा.

प्रत्येक गटात एक ‘बघू’ म्हणणारा असतो. ‘माझं धरून चाला रे, पण नक्की बघू.’ त्याच्याशी भांडू नका, त्याला तारीख द्या. अमुक तारखेपर्यंत प्रत्येकी पंचवीस हजार एका खात्यात. पैसे आले तो गटात, बाकीचे शुभेच्छुक. ही तारीख तिकिटांची सोडत निघण्याच्या किमान तीन महिने आधीची हवी.

पैसे जमा होताना चार ओळी लिहून ग्रुपवर पिन करून ठेवा : व्हिसा नाकारला गेला तर परत न मिळणारा खर्च सगळ्यांत वाटायचा की ज्याचा त्याने सोसायचा? रजा नाकारली गेली तर? घरात लग्न निघालं तर? माझं मत : व्हिसा हातात नसतो, म्हणून तो तोटा चौघांत वाटावा. लग्न, रजा, ‘बायको नको म्हणते’ ही कारणं ज्याची त्याच्या खिशातून. कडक वाटेल, पण हे आधी ठरलेलं असलं की मैत्री टिकते.

कामं वाटताना एकच पथ्य : तिकिटं काढणारा आणि हिशेब ठेवणारा हे दोघं वेगळे असू देत. तिकिटांच्या सोडतीत माणूस झपाटतो, आणि झपाटलेल्या माणसाच्या हातात सामायिक पैसे नसावेत.

तारखांचं म्हणाल तर पहिल्या दोन आठवड्यांतच जा. ५१ पैकी ३६ मॅचेस गटसाखळीच्या, त्याही रोज दोन-तीन-चार. बाद फेरीत मॅचेस कमी, तिकिटं महाग आणि कोण कुठे खेळणार हे चार दिवस आधी कळतं. गटात शिक्षक मित्र असेल तर त्याची अडचण आधी विचारा, कारण आपल्याकडे शाळा नेमक्या जूनच्या मध्याला उघडतात.

संघाच्या मागे धावू नका, शहर धरा

सगळं गणित इथे सुटतं, म्हणून जरा सविस्तर.

पात्रता फेरी मार्च ते नोव्हेंबर २०२७ मध्ये, तिचे प्लेऑफ, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या मॅचेस, मार्च २०२८ मध्ये. गंमत म्हणजे यजमान चारही देशांनासुद्धा पात्रता फेरी खेळावीच लागते. घसरलेल्या यजमानांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत, पण चौघांनाही सरसकट प्रवेश नाही. कोणता संघ कुठल्या गटात आणि कुठल्या मैदानावर हे मुख्य ड्रॉ निघाल्यावर कळतं. मागच्या युरोचा ड्रॉ २ डिसेंबर २०२३ ला हॅम्बुर्गला निघाला होता, स्पर्धेच्या सहा महिने आधी. तोवर सर्वसामान्यांच्या तिकिटांचे पहिले अर्ज भरून झाले होते. म्हणजे अर्ज करताना तुम्ही तारीख आणि मैदान निवडता. समोर पोर्तुगाल येणार की अल्बानिया, ते नशीब.

मग मैदानं निवडा अशी, की ती एकमेकांच्या जवळ असतील. लंडनमध्ये तळ ठोकायचा मोह सगळ्यांना होतो. लंडनला वेम्बली आणि टॉटनहॅम अशी दोन मैदानं आहेत हे खरं, पण राहणं सगळ्यांत महाग तिथेच आणि बाकीची मैदानं लांब. माझी पसंती मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमला. मँचेस्टरहून लिव्हरपूल रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास, बर्मिंगहॅम दीड तास, लंडन दोन-सव्वादोन तास, न्यूकॅसल अडीच तास. बर्मिंगहॅमहून लंडन दीड तासाच्या आत, कार्डिफ दोन तास, मँचेस्टर दीड तास. दोन्हीपैकी एक तळ धरला तर पाच-सहा मैदानं सकाळी निघून गाठता येतात. ग्लासगो मात्र मँचेस्टरहूनही तीन तासांच्या पुढे, तिथे जायचं तर एक-दोन रात्री राहायलाच जा.

न्यूकॅसलची मॅच शनिवारी आणि कार्डिफची रविवारी असा अर्ज हौसेपोटी भरला जातो. नकाशा उघडा : एक शहर ईशान्येला, दुसरं नैर्ऋत्येला, मधे रेल्वेचे पाच तास. दोन मॅचेसमध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवा.

मैदानांची नावं शोधताना गोंधळ होईल, तो आधीच सांगतो. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धेत प्रायोजकांची नावं चालत नाहीत. तिकिटावर ‘डब्लिन अरीना’ लिहिलेलं असेल, स्थानिक लोक त्याला अविवा म्हणतील. मँचेस्टर सिटीचं मैदान म्हणजे आपलं एतिहाद. ‘नॅशनल स्टेडियम ऑफ वेल्स’ म्हणजे कार्डिफचं प्रिन्सिपॅलिटी. एव्हर्टनचं नवं मैदान क्लबच्या नावानेच असेल, पण नकाशावर हिल डिकिन्सन शोधा.

प्रत्येक मैदानाचा स्वभाव वेगळा. कार्डिफचं अगदी शहराच्या पोटात, सेंट्रल स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, वर बंद होणारं छत. न्यूकॅसलचं सेंट जेम्स पार्क टेकडावर, शहरात कुठूनही दिसतं, स्टेशनपासून चालत जाता येतं. मित्रांसोबत मॅच बघायला मला हे मैदान नऊंमध्ये सगळ्यांत भारी वाटतं, कारण मॅच संपली की तुम्ही थेट बाजारपेठेत असता. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क जुन्या वळणाचं, विटन किंवा ॲस्टन स्टेशनवर उतरायचं. एव्हर्टनचं मैदान मर्सी नदीच्या काठी जुन्या गोदीत बांधलेलं, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली लीग मॅच झाली. जवळचं स्टेशन सँडहिल्स, पण लिव्हरपूलच्या मध्यापासून नदीकाठाने अर्धा तास चालत जाणं जास्त मजेचं. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कला माउंट फ्लोरिडा स्टेशन. १९३७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड मॅचला इथे १,४९,४१५ प्रेक्षक होते. आता मैदानात पन्नास हजारांच्या थोडे वर बसतात. फुटबॉल संग्रहालयही तिथेच आहे, मॅचच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

आणखी एक हिशेब. यजमान देश पात्र ठरले की आपले गटसामने घरीच खेळणार. इंग्लंडचे सामने मँचेस्टर आणि वेम्बलीला, स्कॉटलंडचे ग्लासगोला, वेल्सचे कार्डिफला, आयर्लंडचे डब्लिनला. त्या मॅचेसना मागणी अफाट. म्हणून अर्ज करताना लिव्हरपूल, न्यूकॅसल, बर्मिंगहॅम आणि टॉटनहॅम यांना झुकतं माप द्या.

तिकीट : सोडतीचं शास्त्र

युरो २०२४ ची पहिली विक्री ३ ते २६ ऑक्टोबर २०२३ या काळात झाली. त्यात आधी येईल त्याला आधी असं काही नव्हतं. तीन आठवड्यांत केव्हाही अर्ज करा, नंतर सोडत. सुमारे १२ लाख तिकिटांसाठी दोन कोटींच्या वर मागण्या आल्या. २०२८ साठी एकूण तिकिटं साधारण ३० लाख, म्हणजे आजवरच्या युरोंपेक्षा जास्त. मागचाच कित्ता गिरवला गेला तर २०२७ च्या दसरा-दिवाळीला तुम्ही घरी बसून अर्ज भरत असाल.

दरांचा अंदाज मागच्या वेळेवरून घ्या. गटसाखळीच्या बहुतेक मॅचेसना चार दर्जे होते : ३०, ६०, १५० आणि २०० युरो. फायनलला ९५ पासून १,००० युरोपर्यंत. मागणीप्रमाणे मिनिटामिनिटाला दर चढवायची पद्धत या युरोला वापरणार नसल्याचं युएफाने सांगितलंय. हा फार मोठा दिलासा, कारण २०२६ च्या विश्वचषकाला त्या पद्धतीने भल्याभल्यांचे डोळे पांढरे केले.

आता करायचं काय, ते क्रमाने :

१. चौघांनीही युएफाच्या तिकीट संकेतस्थळावर आपापलं खातं आत्ताच उघडून ठेवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच. पासपोर्ट २०२८ अखेरपर्यंत चालेल ना, तेही बघा.

२. विक्री सुरू झाली की पहिल्या दिवशी घाई नको. बसून तक्ता करा : कुणी कुठल्या मॅचचा अर्ज करायचा. चौघांनी एकाच मॅचला अर्ज केला आणि तिघांना लागली तर बारा तिकिटं गळ्यात पडतील. माझ्या मते प्रत्येक हव्या असलेल्या मॅचसाठी दोघांनी अर्ज करावा, प्रत्येकाने चारही तिकिटं मागावीत.

३. सगळे अर्ज लागले तर किती पैसे जातील याची बेरीज करा. हसू नका, असं होतं. ती बेरीज झेपत नसेल तर अर्ज कमी करा.

४. सगळ्यांत स्वस्त दर्जा मागताना त्याला मागणी सगळ्यांत जास्त हे लक्षात ठेवा. निम्म्या मॅचेसना शेवटचा दर्जा आणि निम्म्यांना त्याच्या वरचा अशी विभागणी करा. गोलपोस्टच्या मागची वरची जागा कमी दर्जाची मानतात, पण गाणी आणि आरडाओरडा तिथेच असतो.

५. निकाल लागला की पैसे भरायला मुदत असते, किंवा ते कार्डावरून थेट कापले जातात. दोन्हीसाठी कार्ड सुरू हवं. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा वाढवा. सोडतीत लागलेलं तिकीट कार्डाने नाकारलं, यापरतं दुःख नाही.

सोडतीत काहीच लागलं नाही तर? अजिबात खचू नका. ड्रॉनंतर पुन्हा विक्री होते, आणि वसंतात अधिकृत पुनर्विक्री सुरू होते. ज्यांचा संघ पात्र ठरला नाही, ज्यांची रजा रद्द झाली, त्यांची तिकिटं मूळ दरात तिथे येतात. रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहणाऱ्याला मिळतात. हे काम गटातल्या रात्री जागणाऱ्या मित्राला द्या.

अधिकृत खिडकी सोडून कुठेच घेऊ नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तसं घेतलेलं तिकीट गेटवर रद्द होऊ शकतं. ‘अरे माझा एक ओळखीचा आहे लंडनला’ हे वाक्य ऐकलं की विषय बदला.

व्हिसा

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी मिळून ब्रिटनचा एकच व्हिजिटर व्हिसा लागतो. डब्लिनसाठी आयर्लंडची वेगळी परवानगी. मात्र भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे : ब्रिटनच्या व्हिसावर त्या योजनेची नोंद असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं, अट एवढीच की आधी ब्रिटनमध्ये उतरायचं. नोंद नसेल तर ब्रिटन-आयर्लंडमधे तपासणी ढिली असते म्हणून कुणी सुचवलेला शहाणपणा करू नका. अशा गटाने डब्लिनची मॅच सोडलेली बरी. नोंद असेल तर वेल्समधल्या होलिहेडहून रेल्वे आणि जहाजाचं एकत्र तिकीट निघतं, विमानापेक्षा निवांत प्रवास होतो.

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे ९ जूनला पोचायचं तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण उन्हाळी सुट्टीचे पर्यटक आणि परदेशी शिकायला निघालेली पोरं यांची गर्दी एप्रिलनंतर वाढत जाते. मार्चअखेरीस बोटांचे ठसे देऊन मोकळे व्हा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे अर्ज केंद्रं आहेत.

अर्ज ज्याचा त्याचा. चौघांचा एकत्र निकाल लागत नाही, आणि एकाची भक्कम कागदपत्रं दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगारचिठ्ठ्या, धंदा असेल तर जीएसटी नोंदणी, घरची जबाबदारी दाखवणारे कागद. अधिकाऱ्याला एकच गोष्ट पटवायची असते : हा माणूस मॅच बघून परत येणार. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून पाच लाख खात्यात घेणं हा फार लोकप्रिय आणि फार घातक उपाय. खात्यात पैसे हळूहळू जमलेले दिसायला हवेत, आणि त्यासाठी तुमच्याकडे अजून वेळ आहे.

मॅचची तिकिटं अर्जाला जोडा, प्रवासाचं कारण त्यातून स्पष्ट होतं. पण तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही. निर्णय येईपर्यंत परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका, ब्रिटिश सरकारचाही सल्ला तोच आहे. रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं तिकीट महाग पडतं, तरी चौघांपैकी ज्याची कागदपत्रं कच्ची त्याच्यासाठी तेवढा खर्च सोसा.

पैसा

बारा दिवस, तीन मॅचेस, मधल्या दर्जाचं राहणं. पौंड सव्वाशे रुपये धरून माझा अंदाज असा : विमान ऐंशी हजार, व्हिसा आणि विमा वीस हजार, अकरा रात्री रोज ४५ पौंडांनी सुमारे बासष्ट हजार, रेल्वे १५० पौंड म्हणजे एकोणीस हजार, खाणंपिणं रोज २२ पौंड म्हणजे तेहेतीस हजार, मॅचची तिकिटं वीस हजार. बेरीज दोन लाख चौतीस हजार. दर तोपर्यंत वाढतील आणि एखादा जर्सीच्या दुकानात शिरेल, म्हणून पंधरा टक्के वर धरा. पावणेतीन लाखांची तयारी ठेवा. दोन वर्षांत विभागले तर महिन्याला साडेअकरा हजार, उशिरा सुरुवात केलीत तर हप्ता तेवढा वाढेल.

विम्यात कंजुषी करू नका. परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल झाल्यावर बिल येतं, आणि ते सोसवत नाही. रोख फार लागत नाही, लंडनच्या बसला तर रोख चालतच नाही. कार्ड टेकवून प्रवास करा, दिवसाच्या ठराविक मर्यादेनंतर पैसे कापायचे थांबतात, फक्त प्रत्येकाने आपलंच कार्ड टेकवायला हवं. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार लागतो, म्हणून एक फॉरेक्स कार्ड जवळ असू द्या. ग्लासगोला एटीएममधून स्कॉटिश बँकांच्या नोटा निघतात. पौंडच ते, पण इंग्लंडमधला दुकानदार कधीकधी खळखळ करतो. तिथेच खर्चून या.

सामायिक खर्चासाठी रोजच्या रोज ॲपमध्ये नोंद, आणि दर तीन दिवसांनी बेरीज. कॉफीचे पैसे कुणी दिले हे बाराव्या दिवशी आठवत नाही, आणि आठवलं तर जास्तच आठवतं.

विमान, रेल्वे, राहणं

जाताना एका शहरात उतरा, येताना दुसऱ्याहून निघा. दुबईमार्गे मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगो, न्यूकॅसल यांना थेट विमानं जातात, त्यामुळे मुंबई-लंडन-मुंबई हा हट्ट सोडा. न्यूकॅसलला उतरून, मँचेस्टरला राहून, लंडनहून परत असा प्रवास केला तर रेल्वेचे फेरे वाचतात.

ब्रिटनची रेल्वे ऐनवेळी काढली तर डोळे फिरवते. आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. त्या दिवशी काढली तर निम्म्याहून कमी दरात मिळतात, पण ती त्याच गाडीपुरती चालतात. तीन ते नऊ जण एकत्र, गर्दीची वेळ सोडून प्रवास करत असतील तर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांवर ग्रुपसेव्ह नावाची साधारण एक तृतीयांश सवलत मिळते. चौघांना अगदी तयार.

संध्याकाळची मॅच आठला सुरू होऊन दहाला संपली, की शहराबाहेर जाणारी शेवटची गाडी गाठणं धावपळीचं होतं. कार्डिफला तर मॅचनंतर स्टेशनबाहेर ज्या रांगा लागतात, त्या बघून पंढरीची दर्शनबारी आठवेल. रात्रीची मॅच असेल तर त्याच शहरात झोपा, दुपारची असेल तरच तळावर परत या.

राहण्यासाठी फ्लॅट घ्या, पण रद्द करता येईल असाच, आणि ड्रॉच्या आधी. ड्रॉ निघाला की ज्या शहरात मोठा संघ पडतो तिथले दर त्याच रात्री उसळतात. एक कमी माहीत असलेला पर्याय म्हणजे विद्यापीठांची वसतिगृहं. उन्हाळ्यात मुलं घरी गेली की खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, स्वच्छ असतात, स्वयंपाकघरही असतं. मात्र सत्र संपल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात जास्त मिळतात. लंडनच्या बाजूला स्लाव किंवा हाउन्स्लोला कुणाची तरी आत्येबहीण असतेच. तिच्याकडे दोन रात्री ठीक. चौघांनी आठवडाभर जाऊन तिचा संसार उठवू नका.

मॅचचा दिवस

तिकीट फोनमध्ये असतं. २०२४ ला तिकिटाचा कोड मैदानाजवळ गेल्यावर ब्लूटूथ सुरू असेल तरच उघडत होता. चारही तिकिटं अर्जदाराच्या ॲपमध्ये येतात. ती आदल्या रात्रीच प्रत्येकाच्या फोनवर पाठवा, कारण गर्दीत एक जण हरवला तर तिघे बाहेर राहतात. पॉवर बँक घ्या. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत, पाठीवरची सॅक खोलीवर ठेवा.

गेट साधारण तीन तास आधी उघडतात. दीड तास आधी तरी पोचा. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीच्या युरो फायनलला बिनतिकिटाचे शेकडो लोक आत घुसले होते. त्यामुळे आता बाहेरच्या कड्यापासून तपासणी असणार हे धरून चाला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मैदान दिसेल अशा जागी बसून बिअर पिता येत नाही, हाही कायदाच. आतल्या मोकळ्या जागेत संपवून मग सीटवर जायचं. आपली सीट कुठल्या संघाच्या चाहत्यांत आहे ते आधी बघा आणि त्यांच्या विरोधी रंगाचा शर्ट टाळा. ग्लासगोच्या रस्त्यांवर हिरवा-पांढरा किंवा रॉयल ब्लू फुटबॉल शर्ट घालून हिंडू नका, सेल्टिक आणि रेंजर्स या तिथल्या दोन क्लबांचं वैर आपल्या पेठांपेक्षा जुनं आहे. लिव्हरपूलला ‘द सन’ हे वर्तमानपत्र हातात धरू नका : १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ चाहते दगावले आणि त्या पत्राने दोष चाहत्यांवर ढकलला. शहर ते विसरलेलं नाही.

ज्या दिवशी तिकीट नाही त्या दिवशी फॅनझोनला जा. २०२४ ला प्रत्येक यजमान शहरात मोठ्या पडद्याची अशी जागा होती. खरं सांगायचं तर चार हजार जॉर्जियन किंवा तुर्की चाहत्यांत उभं राहून मॅच बघणं काही वेळा स्टेडियमच्या वरच्या कोपऱ्यातल्या सीटपेक्षा जिवंत वाटतं.

खाणं आणि बॅग

चिवडा, भाकरवडी, मेतकूट खुशाल न्या. पेढे, बर्फी, खवा, तूप नको : दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, सीमेवर काढून घेतात. शाकाहारी मित्राची चिंता करू नका. बर्मिंगहॅमला बाल्टी नावाच्या करीची हॉटेलं, मँचेस्टरला रशोमचा रस्ता, ग्लासगोच्या पबमध्येसुद्धा पकोडे मिळतात. वेम्बलीला गेलात तर ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे, तिथे मॅचआधी पोटभर खा. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने दोन स्टेशनं पुढे डॉलिस हिल, तिथे १९३२ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. त्यांचे कार्यक्रम आधी बघून ठेवलेत तर एखादी संध्याकाळ मराठीत जाईल.

रेनकोट न्या. जून आहे म्हणून गाफील राहू नका, न्यूकॅसल आणि ग्लासगोला रात्री जाकीट लागतं. उजेड मात्र रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो, त्यामुळे घड्याळाकडे बघायची आठवण राहत नाही. घरी फोन करताना साडेचार तास मिळवा. तिथे रात्री दहाला मॅच संपली की इथे अडीच वाजलेले असतात.

चौघांपैकी एकाला ऐनवेळी जमलं नाही, तर त्याचं तिकीट अधिकृत पुनर्विक्रीत टाका, किंवा ॲपमधून ब्रिटनमधल्या ओळखीच्या माणसाला रीतसर मूळ दरात पाठवा. त्याच्या वाटणीचे पैसे परत आल्यावर, आणि बाकी हिशेब आठवड्याच्या आत मिटल्यावर, ग्रुपचं नाव बदलून ‘विश्वचषक २०३०’ करा. तो ८ जून ते २१ जुलैदरम्यान, मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत. ‘बघू’ म्हणणाऱ्याला तारीख तेवढी नवी द्या.